पहिला दोना

"मी का माणूस नाई का, बाई? कवाचा बसून राह्यलो!"

लटारू एवढं बोलला तरी रंभाने मान वर केली नाही. मडक्याला लावलेल्या बांबूच्या नळीतून मोहाच्या दारूची धार नुकतीच सुरू झाली होती. तिने पळसाच्या पानांचा दोना नळीखाली धरला, चार थेंब पूर्वजांच्या नावाने जमिनीवर सांडले आणि भरलेला दोना इस्तारीच्या हातात दिला.

"बस ना मंग," ती म्हणाली. "बसाचे पैसे घेऊन राह्यली का मी?"

बाकीचे हसले. लटारूच्या काळजाला चटका बसला.

ब्रह्मपुरीच्या पलीकडे, जंगलातल्या नाल्याकाठी रंभाची ही चोरटी भट्टी होती. जिल्हा नुकताच मुंबई राज्यात गेला होता. आबकारीचे शिपाई नवे होते, त्यांना इथल्या पायवाटा अजून कळल्या नव्हत्या. चार गावची माणसं इथे येत. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं असतं, हे रंभाला कोणी शिकवलंच नव्हतं. नको तो माणूस आला तर ती त्याला दिवस बुडेपर्यंत ताटकळत ठेवी. मोह आंबायला वेळ नसला की मडक्यात ती आणखी काय काय टाकी, ते विचारायची कोणाची छाती होत नसे. तरी माणसं येत.

लटारू दारूसाठी येतच नव्हता. बायको गेल्यापासून तळ्यातले मासे धरावेत आणि लेकीला वाढवावं, एवढंच त्याचं जगणं होतं. आता वच्छला लग्नाला आली होती. ती सासरी गेली की रंभाला पाटाचं, दुसऱ्या लग्नाचं, विचारायचं, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. रंभाही एकटीच होती. मध्ये होता तो इस्तारी.

काय होतं त्या इस्तारीत? पल्याडच्या गावचा लाकूडतोड्या, एका डोळ्यात फूल पडलेलं. ना घर, ना दार, ना नात्यागोत्याचं माणूस. पण भट्टी नवी लागली की पहिला दोना त्याचा. पैसा मागायचं नाव नाही. त्याने दोना रिकामा केला की रंभा त्याच्याजवळ येऊन बसे. "कसं वाटते?" म्हणून विचारी आणि त्याच्या तोंडाकडे पाहत राही. लग्नाची बायकोसुद्धा नवऱ्याकडे असं पाहत नाही. बाकीचे तोवर मुकाट्याने चिलीम ओढत. पाटलाचं जेवण उरकेपर्यंत पंगत थांबावी, तसे.

लटारूच्या वाट्याला सगळ्यांत शेवटची, पाणचट धार यायची.

"हे दारू हाय का तांदळाचं धोवण?"

"घरी लेक वाट पाहून राह्यली ना तुही? तुले एवढंच बस झालं."

एकदा त्याने इस्तारीच्या पुढ्यातला पहिला दोना उचललाच. ओठाला लावणार, तोच रंभाने हातावर असा फटका मारला की सगळी दारू मातीत गेली.

"पुन्हा हात लावला तर इथी पाय ठेवू नको!" तिचा आवाज कापत होता.

इस्तारी हसला. "देऊन टाक ना, बाई. त्याले हौस हाय."

"तू चूप राह्य," ती त्याला हळूच म्हणाली. इतक्या हळू ती लटारूशी कधी बोलली नव्हती. त्या दिवशी घरी येऊन लटारूने लेकीच्या हातचा भातही नीट खाल्ला नाही.

वैशाखात वच्छलाचं लग्न झालं. आरमोरीकडचं स्थळ होतं. बंडीत बसताना ती म्हणाली, "बाबा, त्या बाईकडं जाऊ नका. ते तुमाले माणसात धरत नाई म्हंतेत लोकं."

"धरन आता," लटारू म्हणाला आणि तोंड फिरवून बैलांचं जू नीट करू लागला.

लेकीला पोचवून, पाहुणचार घेऊन तो परतला, तो घरी न जाता थेट नाल्यावर. अंगावर लग्नातलंच धोतर होतं. नवी भट्टी लागली होती. भोवती चारसहा माणसं बसली होती, त्यांत म्हातारा दादाजीही होता. इस्तारीची जागा रिकामी होती.

"ये, लटारू," रंभा म्हणाली. "मांगं काऊन उभा? समोर बस."

लटारूला आपल्या कानांवर विश्वास बसेना. "इस्तारी कुठी हाय?"

"तो नाई येत आता."

दादाजीने भट्टीखालचं लाकूड आत सारलं. लटारू पुढे सरकून इस्तारीच्या जागेवर बसला. भांडण झालं असणार! त्याच्या मनात उकळ्या फुटत होत्या.

"पोरगी गेली सासरी?" रंभाने विचारलं.

"गेली."

"आता घरी कोण हाय?"

"कोणी नाई."  पाटाचं बोलायला याहून चांगली वेळ कोणती, असं त्याला वाटून गेलं.

रंभाने नवा दोना नळीखाली धरला, चार थेंब जमिनीवर सांडले आणि दोन्ही हातांनी तो त्याच्यापुढे केला.

लटारूने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग एका दमात दोना रिकामा केला. घसा जाळत गेली. त्याने कनवटीला हात घातला, तर रंभा म्हणाली, "राहू दे. तुह्याकडून पैसा नाई."

ती त्याच्याजवळ येऊन बसली आणि त्याच्या तोंडाकडे पाहू लागली.

"कसं वाटते?"

"लय गोड," लटारू म्हणाला. आणि मग त्याच्या लक्षात आलं, की धार नळीखालच्या दुसऱ्या मडक्यात पडते आहे आणि दोना दुसऱ्या कोणाच्याच हातात नाही. "अरे, तुमी घ्या ना! थांबले काऊन?"

"घेऊ ना, घाई का हाय?" दादाजी चिलीम भरत म्हणाला. "मांगच्या खेपेले इस्तारीबी गोडच म्हणला होता. दिवस बुडाच्या आत गेला बिचारा. बरं, मांगं रडणारं कोणी नव्हतं."