खालचा सूर

"ट्रंपेट दे हिकडं," जोतीराम मास्तर म्हणाला. "आजपास्नं खुळखुळा हलवायचा."

झुंबरनं ट्रंपेट दिला नाही. फडक्यात गुंडाळून मांडीवर गच्च धरून बसला. बारामतीत, एसटी स्टँडमागं बुद्धघोषचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं, तिथल्या बाकड्यावर. बँडगाडीवरचा अँप्लिफायर काल पळसदेवच्या वरातीत मेला होता आणि आज इंदापुरात दुसरी वरात होती. बुद्धघोष त्यांच्याकडं पाठ करून तारेला डाख देत होता.

खुळखुळा म्हणजे काय, ते बँडवाल्याला सांगावं लागत नाही. दात पडले, दम गेला, की माणसाला लाल कोट घालून शेवटच्या रांगेत उभा करतात आणि हातात खुळखुळा देतात. तेवढीच माणसं जास्त दिसतात. झुंबर एकोणचाळीस वर्षांचा होता. दात सगळे होते.

"मास्तर, मी पेलो न्हवतो."

"मग नवरदेवाचा मामा खोटं बोलला व्हय? चारचौघात म्हणला, तुमच्यातला एक टाइट हाय. सगळा बँड एक वाजवतोय आन् तुझं भलतंच. पंधरा वर्सं ऐकतोय मी तुझं बेसूर."

झुंबर दारूला शिवत नव्हता. त्याचं दुखणं वेगळं. चाल वर चढली की ह्याचा सूरही चढायचा, पण दोन पायऱ्या खालून. चाल उतरली की हा खालूनच तिच्या संगतीनं उतरायचा. मुद्दाम नाही. त्याला दोन्ही सूर एकदम ऐकू यायचे. वरचा सगळे वाजवायचे, खालचा कुणीच नाही, म्हणून मग तो वाजवायचा. त्याच्या बायकोनं, कुशाबाईनं, कानात लसणाचं तेल सोडून बघितलं. डॉक्टरनं पिचकारी मारली आणि कान एकदम चांगला आहे म्हणाला. तेव्हा झुंबर खरा भ्याला. कान चांगला, म्हणजे बिघाड डोक्यात.

आणि ठरवणार कोण? तर तो मामा. ज्याला पिपाणी आणि सनईतला फरक कळत नाही, जो वाजवणाऱ्यांची पंगत गोठ्याशेजारी मांडतो, तो म्हणणार बेसूर. आणि तीस वर्षं फुंकून गाल फाटलेला मास्तर मान डोलावणार.

"झालं बघा," बुद्धघोष वळला. "वाजवून बघू." त्यानं टेपमध्ये एक कॅसेट सारली.

"कुठलं गाणं?" मास्तरनं विचारलं.

"गाणं न्हाय, मास्तर. इंग्रजी पिक्चरच्या मागं वाजतं ते. लढाईचा पिक्चर हाय कुठला तरी. पुण्यात फुटपाथावर घावली. ह्याच्यात जाडबारीक सगळं वाजतंय, स्पीकर फाटला आसंल तर लगीच कळतं."

आधी काहीच नाही. मग खालून घरघर आली, उजनी धरणाचं दार उचलल्यावर लांबून येते तशी. तिच्यावर तारांची वाद्यं चढली, किती ते मोजता येईना. आणि मग पितळ उठलं.

ट्रंपेट. एक दोन नव्हे, रांगच्या रांग. चाल वर चढली. आणि तिच्या दोन पायऱ्या खालून, अंगाला अंग लावून, दुसरा सूर चढला.

झुंबरची तीन बोटं फडक्यावरूनच दाबली जाऊ लागली. पुढचा सूर कुठं पडणार ते बोटांना आधी कळत होतं. आणि तो तिथंच पडत होता.

"थांबव," मास्तर म्हणाला. "मागं घे जरा."

बुद्धघोषनं कॅसेट मागं घेतली. मास्तरनं कान स्पीकरला लावला.

"ह्यो खालचा कोण हाय?"

"कोण म्हंजी? त्यांच्यातलाच."

"चुकतोय त्यो."

"चुकत न्हाय, मास्तर. शंभर-शंभर माणसं बसत्यात. परत्येकाच्या म्होरं कागद असतोय. त्याच्या कागदावर त्येच लिवलेलं असतंय. त्याला पगार त्याचाच हाय."

झुंबरला हसू फुटलं. ते थांबेना. हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तसं त्यानं ट्रंपेटचं फडकं सोडून त्यानंच तोंड पुसलं. "पगार," तो म्हणाला. "बुद्धघोषभाऊ, त्याचाच पगार?"

"व्हय तर."

"गोऱ्यांचं हाय ते," मास्तर ताठ झाला. "आपल्यात न्हाय चालायचं."

पंधरा वर्षांत झुंबर मास्तरला उलटून बोलला नव्हता. "आपल्यात म्हंजी कुणात, मास्तर? त्या मामाच्यात, का तुमच्या-माझ्यात?"

मास्तरनं टेपकडं एकदा बघितलं. मग पिशवीतनं क्लॅरिनेट काढली, जोडली, जिभेनं तिच्या तोंडाची वेताची पट्टी ओली केली आणि मुलगी सासरी धाडायची चाल धरली. हजार वेळा वाजवून झिजलेली, डोळे मिटून वाजवायची चाल. झुंबरला ये म्हणाला नाही. नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातनं बघितलं.

झुंबरनं ट्रंपेट ओठाला लावला. पहिली ओळ त्यानं जाऊ दिली. दुसरीला लागला. हळू, दोन पायऱ्या खालून.

मास्तरच्या कपाळाला आठी पडली. पण फुंक तुटली नाही. ओळीच्या शेवटी जो लांब सूर असतो, तो मास्तर नेहमी आखडता घ्यायचा, दम पुरत नाही म्हणून. आज त्यानं तो धरून ठेवला. गाल फुगले, मानेची शीर ताठली, तरी सोडला नाही. खालून झुंबरनंही धरला. आठी कधी गेली ते मास्तरला कळलं नाही.

दुकानाच्या दारात बानूबाई पेरू विकायला बसायची. ती टोपली तशीच टाकून उठली आणि पदर तोंडाला लावून आत डोकावली.

"कुणाची पोरगी निघाली रं बाबांनो?"

सांगायला वाजवणाऱ्या दोघांपैकी कुणाचं तोंड मोकळं नव्हतं.