चष्म्याची खाच

गेलेल्या वडिलांच्या फोटोखाली त्यांचा चष्मा बसेल अशी खाच फ्रेममध्ये हवी होती, म्हणून चिरंजीव चष्मा घेऊन वर्कशॉपमध्ये आले. मेलेलं झुरळ धरावं तसा दोन बोटांत धरून त्यांनी तो टेबलावर टाकला, तेव्हाच मिस्त्रींना शिसारी आली. गेलेला माणूस त्यांचा जुना दोस्त. मोडलेल्या काडीला दोरा गुंडाळून त्याने दोन वर्षं काढली. पेपर वाचताना चष्मा सारखा मांडीवर पडायचा, तरी म्हणायचा, “पोराला वेळ मिळाला की नेईल दुकानात.”

मिस्त्रींनी बारकाईने माप घेऊन चष्मा परत दिला. सीएनसी मशीनने सागवानात हुबेहूब खाच कोरली, दोऱ्याच्या गाठीपाशी जरा फुगीर.

दोन दिवसांनी चिरंजीव फ्रेम न्यायला आले आणि खाचेवर बोट ठेवून कुरकुरले, “काका, इथे एवढा खड्डा कशाला?”

“अरे, तिथे दोरा येतो ना!”

चिरंजीवांनी खिशातून लखलखीत चष्मा काढला.



“छे, चार माणसांत तो घाणेरडा दोरा बरा दिसेल का? कालच नवी काडी बसवून आणली. पाच मिनिटांचं तर काम!”