जरा हललात

"ताई, आत मेंदू आहे हं! इंजिनिअरसाहेबांशी पैज लागली होती, मी जिंकले."

माइकवरून आलेल्या ज्युनिअरच्या या विनोदावर एमआरआयच्या बोगद्यात निजलेली टेक्निशियन हसली नाही. हसलं की चित्र बिघडतं. दुपारी यंत्राची दुरुस्ती झाली होती, आणि पुढचा रुग्ण आत घेण्याआधी स्टाफपैकी कुणीतरी आत निजून चाचणी द्यायची, अशी इथली पद्धत होती. इतकी वर्षं ती काही ना काही सबब काढून सटकली होती. ज्याचं काही दुखत नाही त्यानं आत डोकावून बघू नये, असं ती म्हणायची. आज मात्र ज्युनिअरला यंत्र एकटीनं चालवून बघायचं होतं, त्यामुळे सुटका नव्हती.

शिवाय सकाळचा घड्याळजी तिच्या डोक्यातून जात नव्हता. जन्मभर डोळ्याला भिंग लावून खाली वाकलेला माणूस, मान दुखते म्हणून आला होता. स्कॅन मानेचा होता. पण चित्राच्या वरच्या कडेला, मेंदूच्या तळाशी, वाटाण्याएवढं काहीतरी पांढरं दिसलं. मानदुखीशी त्याचा काही संबंध नव्हता. ते काय आहे हे डॉक्टर सांगणार होते. तिचं काम तो भाग पुन्हा, आणखी नीट घेण्याचं. अशा वेळी रुग्ण घाबरू नये म्हणून काय बोलायचं, हे तिनंच ज्युनिअरला शिकवलं होतं. माइक दाबून ती तेच म्हणाली, "काका, जरा हललात. एक भाग परत घेते."

"हललो असेन," घड्याळजी म्हणाला. "घ्या, सावकाश घ्या."

बाहेर आल्यावर त्यानं बाकावर बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून तो टेक्निशियनला म्हणाला, "मी हललो म्हणून हिला सांगू नका हं. उगाच रागवेल माझ्यावर."

तिला हायसं वाटलं होतं. थाप पचली होती.

यंत्र पुन्हा ठोकायला लागलं. तिच्या डोळ्यांवरच्या छोट्या आरशात पायांपलीकडची काच दिसत होती. रुग्णाला एकटं वाटू नये म्हणून तो आरसा बसवलेला असतो. काचेमागे ज्युनिअर होती, तिच्या मागे चहाचा कप घेऊन उभा असलेला इंजिनिअर. आतून इतकं स्वच्छ दिसतं, हे तिला आजच कळलं.

ठोके थांबले. आता ही पुन्हा काहीतरी वात्रट बोलणार, म्हणून ती वाट पाहत राहिली.

 पण ज्युनिअर पडद्याकडे वाकली. मग तिनं इंजिनिअरला जवळ बोलावलं आणि बोटानं काहीतरी दाखवून विचारलं. इंजिनिअरनं कप खाली ठेवला, निरखून पाहिलं आणि नकारार्थी मान हलवली. म्हणजे यंत्राचा दोष नव्हता. ज्युनिअरनं काचेतून तिच्याकडे पाहिलं आणि लगेच नजर काढून घेतली.

संध्याकाळी लेकीच्या शाळेत जायचं होतं. एवढंच तिला आठवलं, मग दुसरं काही आठवेना.  तरी बोटसुद्धा हललं नाही; सवयच तशी.

माइकची खरखर झाली. 

"ताई," आवाज शिकवला होता तसाच, शांत होता. "तू जरा हललीस गं. एक भाग परत घेते."

केसासारख्या स्प्रिंगा बसवताना ज्याचा हात कधी हलला नाही, तो माणूस सकाळी इथंच निजला होता. याच आरशात बघत.

काचेमागे ज्युनिअर ओठ दाबून उभी होती.

"हललेच असेन गं," ती म्हणाली. "घे, सावकाश घे."