सातव्या प्रश्नाचं उत्तर

त्या सकाळी स्पर्धा परीक्षांच्या क्लासात बाईंनी इंग्रजीचा उतारा वाटलाच नाही. फक्त त्यावरच्या प्रश्नांचा कागद वाटला.

"बाई, पॅसेज?" पहिल्या बाकावरच्या मुलीने विचारलं. तिचा पेपर नेहमी सगळ्यांच्या आधी टेबलावर येऊन पडायचा, म्हणून क्लासात तिला फटाफट म्हणायचे.

"पॅसेज नाही. शाळा सोडणाऱ्या मुलांवरचा आहे, एवढंच सांगते. दहा प्रश्न, प्रत्येकी चार पर्याय. सोडवा."

वर्गात खसखस पिकली.

"म्हणजे डोळे झाकून सोडवायचं?" शेवटच्या बाकावरून काका म्हणाले. चाळिशीचे टपाल कारकून. बढतीच्या परीक्षेसाठी यायचे.

"काका, तुम्ही एरवीही तसंच सोडवता," फटाफट मान न वळवता म्हणाली.

सात मिनिटांत कागद परत आले. बाईंनी तिथेच तपासले. सतरा जणांत सगळ्यात कमी गुण सहा होते. फटाफटला नऊ.

"न वाचलेल्या उताऱ्यात नऊ. कसे आणलेस?"

"सामाजिक प्रश्न म्हटला की उत्तरं ठरलेली असतात, बाई." तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "सरकार आणि समाजाने मिळून काहीतरी करायचं, हे ज्यात असेल ते बरोबर. जनजागृती दिसली की टिक. आणि काहीच सुचलं नाही तर सगळ्यात लांबलचक ऑप्शन."

मागच्या दोघांनी हे वहीत लिहूनही घेतलं.

बाईंचं शिक्षण पदार्थविज्ञानातलं. प्रयोगातून एखादी वस्तू काढून घेतली आणि तरी निकाल तोच आला, तर ती वस्तू तिथे काही कामच करत नव्हती, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. त्या फटाफटच्या बाकापाशी आल्या.

"मग खऱ्या परीक्षेत दोनदा का राहिलीस?"

फटाफटचा चेहरा उतरला. क्लासात पैकीच्या पैकी, आणि तिकडे याच पेपरात आधी चार गुणांनी गेली, मग तीन गुणांनी. आता तिसरी संधी. चौथी कुणाला मिळत नाही. परीक्षेला अकरा दिवस उरले होते.

"नशीब," ती म्हणाली.

"नशिबाला कशाला मध्ये आणतेस? तिथे उतारा गाइडातला नसतो. आणि तुझं हे पाठ केलेलं उत्तर पर्यायांत मुद्दाम ठेवलेलं असतं. उंदराच्या पिंजऱ्यात तुकडा लावतात, तसं."

बाईंनी दुसरे कागद वाटले. या वेळी उतारा होता, आणि तो त्यांनी रविवारी बसून स्वतः रचला होता. विषय, एकटी राहणारी म्हातारी माणसं. उताऱ्यातल्या शहरात अशा चाळीस जणांना विचारलं होतं, मजेत आहात का? सव्वीस जण हो म्हणाले. मुलांकडे राहायला जाल का? एकोणतीस जण नाही म्हणाले.

फटाफटने नेहमीसारखा सपाटा लावला. दहापैकी दोन.

"पॅसेजच चुकलाय," ती कागद आपटून म्हणाली. "एकटी म्हातारी माणसं मजेत कशी असतील? कुणालाही विचारा."

"चाळीस जणांना विचारलंय. पहिलाच परिच्छेद बघ."

"अहो पण, सगळ्या जगाला माहीत आहे की..."

"जगाला माहीत आहे ते कागदावर नाही. आणि कागदावर आहे ते तुला माहीत नाही. पुन्हा वाच. ओळीवर बोट ठेवून."

"मी काय पहिलीत आहे, बाई?"

"अकरा दिवस पहिलीत बस."

काका हसले. मग त्यांनीही गुपचूप बोट ठेवलं.

फटाफट वाचू लागली. आधी रागाने, भराभर. तिसऱ्या ओळीवर बोट अडलं, मागे गेलं, पुन्हा पुढे आलं. ओठ हलू लागले. शेजारणीने काहीतरी विचारलं, तर तिने नुसता हात वर करून तिला थांबवलं. वीस मिनिटांनी बाईंनी उत्तरं फळ्यावर लिहिली. फटाफटची नऊ जुळली. ती कागद घेऊन टेबलाशी आली.

"बाई, सातवा."

सातवा प्रश्न असा होता: ही माणसं मुलांकडे का जात नाहीत? फळ्यावर उत्तर होतं 'बी', म्हणजे त्यांना स्वतःच्या मर्जीने जगायला आवडतं म्हणून.

"मग तुझं काय?"

"डी. उताऱ्यात सांगितलेलं नाही." तिचा आवाज शांत होता. "मजेत आहात का, ते विचारलं. जाल का, तेही विचारलं. का जात नाही, हे कुणी विचारलेलंच नाही. मी तीनदा बघितलं."

उतारा बाईंचाच. तरी त्यांनी तो पहिल्या शब्दापासून वाचला. कारण कुठेच नव्हतं. त्यांची आई दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची. का, असं कुणी विचारलं की बाई सांगायच्या, तिला स्वतःच्या मर्जीने जगायला आवडतं. तिला मात्र त्यांनी हे कधी विचारलं नव्हतं.

त्या फळ्यापाशी गेल्या. 'बी' पुसलं, 'डी' लिहिलं.

"सातव्याचं उत्तर बदलून घ्या. माझं चुकलं होतं."

"कसं काय?" काकांनी विचारलं.

बाई सांगणारच होत्या. त्याआधी फटाफट मागे वळली.

"काका," ती म्हणाली, "वाचा की."