मुतारीमागे

सुपरवायझर हरिहर लेल्यांनी तांब्या तोंडाला लावला होता, पण डोळे भिंतीवरच्या खिळ्यावर. कामगारांचा मुतारीला जायचा पितळी बिल्ला पुन्हा जागेवर नव्हता. म्हणजे ज्योतीराम पुन्हा गेला. चार तासांत सहाव्यांदा.

माणूस इतक्यांदा मुततो होय? लेल्यांना दुसरीच शंका. चिंचवडात तेव्हा कारखान्यांच्या शेडशेडला युनियन उगवत होती, आणि चिठ्ठ्या फिरवायला मुतारीसारखी सोयीची जागा नाही. शनिवारी ज्योतीरामला परमनंट करायचा कागद लेल्यांच्या सहीला येणार होता. सही करून पस्तावण्यापेक्षा चोर आधी धरलेला बरा. शिवाय ही ऐकीव गोष्ट नव्हती. स्वतः तिकडे जाता-येता आधीच्या पाचही वेळा त्यांनी त्याला वाटेत पाहिलं होतं.

रिकामा तांब्या ठेवून ते थेट मुतारीच्या मागे गेले. पत्र्याच्या भिंतीतून दोन पाइप उघड्या गटारात उतरत होते. ज्योतीराम तिथेच कंबर धरून ओणवा उभा होता.

"काय लपवतोस?"

"कुठं काय, साहेब." त्यानं दोन्ही हात पुढे केले. "मुतखडा हाय. वैद्यानं घागरभर पाणी प्यायला सांगितलंय. कळलं तर घरी धाडाल, म्हणून बोललो न्हाई. बायकोला आठवा महिना हाय."

लेल्यांना पटेना. रिकाम्या हातांचा माणूस तर जास्तच बेरकी. त्यांनी गटार न्याहाळलं आणि पलीकडच्या पाइपाखाली बोट दाखवलं. काळ्या मुंग्यांची दाट रांग थेट पाइपाच्या तोंडापर्यंत गेली होती.

"मुतखडा म्हणे. साखर आहे तुला, साखर. मुंग्या खोटं बोलत नाहीत. आजार लपवून परमनंट व्हायला निघालास काय?"

त्यांना मनातून फार बरं वाटलं. संशय वाया गेला नव्हता.

ज्योतीराम मुंग्यांकडे बघत राहिला. मग लेल्यांकडे. त्याचा आवाज खाली आला.

"साहेब, आमचा पाइप ह्यो, अलीकडचा. त्यो स्टाफच्या मुतारीचा." तो अडखळला. "ह्या शेडला स्टाफ म्हंजे तुमी एकलंच. किल्लीबी तुमच्याजवळच असती."

लेल्यांनी पुन्हा मुंग्यांकडे पाहिलं. ते घाबरले होते. आत्ताच तांब्याभर पाणी पिऊनही घसा पुन्हा कोरडा पडला होता.

"दवाखान्यात दाखवून घ्या, साहेब. मी कुनाला सांगत न्हाई."

लेल्यांनी खिशातली किल्ली मुठीत आवळली. त्यांना पुन्हा लागली होती. पण ज्योतीराम समोरून हलेपर्यंत ते तिथेच, पाय आवळून, उभे राहिले.