सदतीस उत्तरांची मजुरी

प्रश्न १. घरातले कपडे कोण धुतं?
मी.

प्रश्न १९. कोणत्या साबणाने?
विजयमालाबाईंनी मांडीवरची साडी खाली ठेवली. फॉल अर्धाच लागला होता. मोरीत जाऊन वडीवरचं नाव नीट वाचून आल्या आणि मग लिहिलं. पैसे देणारं हे सर्व्हेचं ॲप भाचीने सकाळीच मोबाइलवर घालून दिलं होतं. ती समोर शेंगा खात बसली होती.

प्रश्न ३७. घरात महिन्याला किती पैसे येतात?
त्यांनी खरं ते लिहिलं.

क्षमस्व! आपण या सर्वेक्षणासाठी पात्र नाही. मिळालेली रक्कम : शून्य.

"मामी, खरं कशाला लिहिलंस? वाढवून सांगायचं असतं," भाची हसली. "अर्धा तास गेला. जाऊ दे, दुसरा सर्व्हे उघड."

"का जाऊ दे? निम्मा फॉल लागल्यावर गिऱ्हाईक म्हणालं, रंग आवडला नाही, तर मी मजुरी सोडते का? टाका पडला की मजुरी द्यायचीच."

खाली 'आपले मत कळवा' असा रिकामा चौकोन होता. बाईंनी एका बोटाने सावकाश लिहिलं : सदतीस उत्तरं दिली आहेत. मजुरी पाठवा.

"अगं, तिथं कुणी वाचत नाही!"

"वाचायचं नव्हतं, तर विचारलं कशाला?" त्यांनी 'पाठवा' दाबलं. "गेलं. आता हा चौकोन परत कसा उघडायचा, तेवढं दाखवून ठेव. उद्यापासून तगादा लावायचाय."