काचेवरची वाफ

कानाझावाच्या संग्रहालयात हिमवाटेच्या चित्रापुढची काच आतून धुरकटत होती. कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढ्या जागेत. चित्राची काचपेटी तर बंद होती. ओल राहिली तर शिंपल्यांच्या चुऱ्याचा पांढरा रंग सुटणार, म्हणून चित्रांची निगा राखणारे हागिवारा ओल शोषणाऱ्या पुड्या घेऊन आले.

चित्रकाराची म्हातारी बायको आडवी आली. "नका हो ठेवू, साहेब. बर्फात हरवली तेव्हा आमची चिझु एवढ्याच उंचीची होती."

"आजी, ती ओल आहे, पोर नाही. तुमच्याच यजमानांचं चित्र गळून पडेल."

त्यांनी पुड्या ठेवून पेटी लावली. डाग आकसत आकसत विरला.

म्हातारीने वाकून त्याच जागी काचेशी तोंड नेऊन लेकीला हाक मारली. पुन्हा मारली. प्रत्येक हाकेसरशी तिच्या ओठांसमोर वाफ धरत होती.

हागिवारांनी रुमालाने काच पुसली. बाहेरून ती कोरडीच होती.